आडवं पडण्याचा विमा

पेणमध्ये एक आळी अशी होती, की तिथे सकाळी प्रेशर कुकरची शिट्टी झाली तर कुणाला डाळभात आठवत नसे. शिट्टी ऐकली की ओट्यावर बसलेले म्हातारे कमरेवर हात ठेवून उठत, "बाईंच्या सुया शिजल्या" असं म्हणत आणि चपला शोधायला लागत.

सुया म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरच्या आणि बाई म्हणजे डॉ. दुर्गा पोंक्षे. एकदा वापरून फेकायच्या सुया तेव्हा पेणपर्यंत पोचल्या नव्हत्या, म्हणून बाई त्या कुकरात वाफवून निर्जंतुक करत. घरात दोन कुकर. लाल मुठीचा सुयांचा, काळ्या मुठीचा डाळीचा. एकदा त्यांच्या सासूबाईंनी सुयांच्या कुकरात मुगाची खिचडी लावली. बाईंनी खिचडी काढून टाकली, कुकर मोडीत घातला आणि सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाव घालायला नेलं. सगळं एका दिवसात, तोंडातून शब्द न काढता. माझ्या माहितीत त्या एवढा वेळ गप्प राहिल्याचा हा एकमेव प्रसंग, आणि तोही ऐकीव.

कारण एरवी बाई बोलत. आणि काय बोलत. बुटक्या, रुंद, पदर कमरेला खोचलेला, चष्मा बुटाच्या नाडीला बांधून गळ्यात अडकवलेला, आणि आवाज असा की एसटीच्या कंडक्टरनं शिकवणी लावावी. सुई टोचताना त्या नेम धरत नसत. "तुझ्या बायकोला पापड लाटता येतात का रे?" असं विचारत आणि आपण उत्तर जुळवत असताना सुई आत गेलेली असे. पुढचा अर्धा तास माणूस हलू शकत नाही. सुया टोचलेला माणूस म्हणजे हक्काचा श्रोता, हे बाईंच्याइतकं कुठल्या पुढाऱ्यालाही उमगलं नव्हतं. मग नगरपालिकेची गटारं, पुरुषांनी स्वतःचं ताट का घासावं, पोह्याच्या पापडात पापडखार किती असावा, असा कार्यक्रम चाले. माझ्या मते अर्धी दुखणी सुयांनी जात आणि अर्धी "पुन्हा हे ऐकायला लागू नये" या निश्चयाने.

बाई मुळात रीतसर एमबीबीएस. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी करता करता तिथे सुयांचा अभ्यास केला, लग्न होऊन पेणला आल्या आणि सुयांच्याच झाल्या. गावातले दुसरे डॉक्टर म्हणत, "चांगली शिकलेली बाई, वाया गेली." बाईंना ते कळे. त्या म्हणत, "वाया नाही गेले, बाजूला गेले. फरक असतो."

माझी गाठ पडली ती मानेमुळे. मी तेव्हा रोह्याजवळ धाटावला रंगाच्या रसायनांच्या एका कंपनीत टाइम ऑफिसमध्ये होतो, राहायला नदीपलीकडच्या अष्टमी गावात. एका सकाळी मान डावीकडे वळली ती वळलीच. कुंडलिकेच्या पुलावरून मी कामावर जायचो ते सबंध वेळ नदीकडे बघत. लोकांना वाटायचं, कविता सुचतेय. कुणीतरी सांगितलं, पेणच्या बाई दर मंगळवारी पॅसेंजरने रोह्याला येतात, हमीदभाईंच्या खोलीत बसतात. हमीदभाईंचा भाऊ कुवेतला होता आणि त्याची रिकामी खोली त्यांनी बाईंना दिली होती, कारण त्यांच्या अम्मीचे गुडघे बाईंच्या हवाली होते. मी गेलो. चार मंगळवारांनी मान मध्यावर आली. मी भारावून म्हणालो, "बाई, चमत्कार झाला."

बाईंनी चष्मा लावला. "कसला चमत्कार? उशी बदल म्हणून सांगितलं होतं, बदललीस का?"

"बदलली."

"मग? निम्मं श्रेय उशीला दे, पाव सुईला, आणि पाव तसंही बरं होणारच होतं. चमत्कार म्हणालास तर पुढच्या वेळी दारात उभा करणार नाही."

चमत्कार या शब्दाशी त्यांचा उभा दावा होता, आणि दैवाची गंमत अशी की त्यांच्या नावावर पेणमधला सगळ्यात मोठा चमत्कार जमा होता. मिठागराचे एक मुकादम होते. त्यांचा डावा खांदा दुखायला लागला आणि ते सुया टोचून घ्यायला आले. बाईंनी त्यांच्या कपाळावरचा घाम बघितला, सुयांच्या डब्याला हातही लावला नाही. रस्त्यावर गणपतीच्या मूर्तींखाली घालायचं गवत भरलेला टेम्पो उभा होता, त्या गवतावर मुकादमांना आडवं घातलं, स्वतः शेजारी बसल्या आणि टेम्पो सरकारी दवाखान्यात नेला. हृदयाचं दुखणं होतं. वेळेत पोचले, वाचले. त्यानंतर हे मुकादम धरमतरच्या धक्क्यापासून वडखळच्या नाक्यापर्यंत सांगत फिरले, "बाईंनी एक सुई मारली, यमाला परत धाडलं." बाई त्यांच्या घरी जाऊन भांडल्या. "मी तुम्हाला टोचलेलंच नाही."

"तेच ना," मुकादम बायकोला म्हणाले. "कळलंसुद्धा नाय. असा हात हाय बाईंचा."

आता मुद्द्यावर येतो. माझं मुद्द्यावर येणं म्हणजे कोकणातली एसटी, सगळे थांबे घेते, पण पोचते.

आमच्या कंपनीत हिराजी म्हात्रे नावाचा ऑपरेटर होता. धरमतरच्या खाडीकाठचा. बाप मिठागरात, आजा मिठागरात, घराण्यातला हा पहिला माणूस कंपनीत लागलेला. गावात त्याच्या शिफ्टच्या वेळेवर लोक घड्याळं लावत. उंच, काळा, हसरा. याचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. आणि प्लांटमध्ये त्याचं काम काय, तर डोक्याच्या वर असलेलं आम्लाच्या पाइपलाइनीच्या व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं. दुसरं काम नव्हतं असं नाही, पण ते दुसऱ्या माणसांकडे होतं.

पनवेलच्या डॉक्टरांनी भूल देऊन खांदा मोकळा करू म्हणून सांगितलं. हिराजी भुलीला घाबरला. त्याच्या गावातला एक जण भूल दिल्यावर उठलाच नव्हता. मी त्याला पोंक्षेबाईंकडे धाडला. बाईंनी तपासलं, म्हणाल्या, "हे सुईचं काम आहे. पण वेळ लागेल, आणि घरी व्यायाम केला नाहीस तर माझ्याकडे फिरकू नकोस." हिराजी इमानाने जायला लागला. हात छातीपर्यंत यायचा तो हनुवटीपर्यंत यायला लागला. पण तेवढ्यात रजा संपली.

आमचे पर्सोनेल मॅनेजर कर्णिकसाहेब. दुष्ट नव्हते, नियमाचे होते, आणि नियमाच्या माणसाशी भांडता येत नाही ही पंचाईत. कामगारांचा आजारपणाचा विमा कंपनीने काढलेला होता. साहेब म्हणाले, "विमा कंपनी ज्याला उपचार मानते, त्याला मी उपचार मानतो. मानला, तर खास रजा. नाही मानला, तर म्हात्रेने कामावर यायचं आणि चाक फिरवून दाखवायचं. नाही फिरलं, तर नाव कमी."

म्हणजे हिराजीची नोकरी आता एकाच प्रश्नाला टांगलेली होती. सुया टोचणं हा विम्याच्या दृष्टीने उपचार आहे की नाही?

मी पॉलिसी काढून वाचली. तिच्यात सुयांविषयी होकार नव्हता, नकारही नव्हता. लिहिणाऱ्याला ही विद्या जगात असल्याची वार्ताच नसावी. मात्र एक अट ठळक होती. रुग्ण हॉस्पिटलात दाखल होऊन एक दिवस-रात्र राहिलेला पाहिजे, आणि हॉस्पिटल कशाला म्हणायचं, तर लहान गावात निदान दहा खाटा पाहिजेत. आम्ही दावा दाखल केला. विमा कंपनीचं उत्तर आलं, आमचा माणूस बुधवारी सकाळी पेणला येऊन जागा बघेल.

आता इथे माझ्याकडून एक गोष्ट घडली. ती म्हणजे मी हे सगळं बंडूशेठला सांगितलं.

बंडूशेठचा गणपतींचा कारखाना बाईंच्या दवाखान्याला लागून. पेणमध्ये गणपती करणारे पुष्कळ, पण डोळ्यांची आखणी करणारा हात एखाद्याचाच. बंडूशेठचा हात तसा होता, आणि तो हात मनगटात अडकला तेव्हा बाईंनी मोकळा केला होता. त्यामुळे बाईंच्या विरुद्ध कुणी शिंकला तरी तो ब्रश ठेवून बाहेर येई.

"हॉस्पिटल व्हायला काय लागतं म्हणालास?" बंडूशेठने विचारलं.

"दहा खाटा."

"एवढंच? अरे, पेणमध्ये दहा खाटा मिळत नाहीत?"

मी हसलो आणि रोह्याची गाडी पकडली. त्याने मनावर घेतलं असेल असं मला वाटलं नाही.

मंगळवारी बाई रोह्याला आल्या. श्रावण होता, दुपारपासून पाऊस असा लागला की संध्याकाळची पॅसेंजर आलीच नाही. बाई हमीदभाईंकडे राहिल्या आणि बुधवारी सकाळी बाई, हिराजी आणि मी असे तिघे पहिल्या एसटीने पेणला निघालो. दवाखान्याच्या दारात पोचलो, तर विम्याचा माणूस छत्री मिटत उभाच होता. सबनीस नावाचे. किडकिडीत, सभ्य, हातात बॅग. बाईंनी नमस्कार केला, दार ढकललं, आणि आम्ही चौघे उंबऱ्यावर थबकलो.

आत दहा खाटा होत्या. लोखंडी होत्या, काथ्याच्या होत्या, आणि मधोमध कुणाच्या तरी लग्नातला मोराचा आरसा लावलेला पलंगही होता. आणि प्रत्येक खाटेवर गणपती बसलेले होते.

झालं होतं असं. बंडूशेठने सोमवार-मंगळवारात गावभर हिंडून खाटा जमवल्या. बाई रोह्याला गेल्याची संधी साधून त्या दवाखान्यात मांडल्या. दहा माणसंही पेशंट म्हणून ठरवली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पण दुपारी पावसात त्याच्या कारखान्याचे पत्रे गळायला लागले. गणपती शाडूच्या मातीचे, त्यांना पाणी लागलं की गेले. शेजारी कोरडी जागा आणि वर दहा खाटा. मग पेणचा माणूस काय करील? त्याने आधी गणपती वाचवले. बरं, सकाळी ते हलवावेत, तर त्यातल्या बऱ्याच मूर्तींची आखणी झालेली. पूजा व्हायची असली तरी डोळे उघडलेल्या गणपतीला "तुम्ही जरा खाली बसा, खाटेवर पेशंट घ्यायचाय" असं म्हणायची कुणाची छाती होईना.

त्यामुळे पेशंट भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. आणि बंडूशेठने आयुष्यात हॉस्पिटल पाहिलं होतं ते सिनेमात, म्हणून एकूण एक पेशंटला बँडेज बांधलेलं होतं. कुणाच्या डोक्याला, कुणाच्या पायाला. आळीतल्या चिंगूआजींची तर हनुवटी डोक्याशी बांधली होती आणि त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, ही एक गोष्ट मात्र सोयीची झाली होती.

बंडूशेठ पांढरा सदरा घालून पुढे आला. "या साहेब. वॉर्ड फुल्ल आहे."

सबनीसांनी गणपती बघितले आणि बूट काढले. हात जोडले. मग खालच्या आवाजात विचारलं, "यातले पेशंट कुठले?"

"सगळे इनडोअर," बंडूशेठ म्हणाला.

हिराजी माझ्या शेजारी उभा होता. तो त्या खाटांकडे असा बघत होता, जसा माणूस पलीकडच्या तीराकडे बघतो. त्याला एवढंच कळत होतं, की दहा हा आकडा पुरा झालेला आहे आणि आता बाईंनी नुसती मान हलवायची आहे.

बाईंनी चष्मा लावला. एकेक खाट बघितली. मोराच्या पलंगापाशी जरा जास्तच थांबल्या. मग म्हणाल्या, "साहेब, खाट माझी एक. ती कोपऱ्यातली. बाकीच्या गावाच्या आहेत. गणपती याचे आहेत. माणसं माझी आहेत, पण यातल्या एकाचंही काही मोडलेलं नाही. चिंगूआजी, सोडा ते."

बंडूशेठने कपाळावर हात मारला. "बाई, अहो..."

"तू गप. हनुवटी बांधतात ती मेलेल्या माणसाची, अक्कलशून्या."

सबनीसांनी बॅग उघडली, पुन्हा बंद केली. "बाई, मग मला नाही असं लिहावं लागेल."

"लिहा."

"म्हणजे तुम्ही उपचार केलेत याबद्दल शंका नाही. पण दाखल केलेलं नाही..."

"मला एक सांगा. मी याला तुमच्या अटीप्रमाणे दहा खाटांच्या हॉस्पिटलात दाखल केलं असतं, एक रात्र झोपवलं असतं आणि खांद्याला बोटसुद्धा लावलं नसतं तर?"

सबनीस प्रामाणिक होते. त्यांनी विचार केला. "तर... विचार करता आला असता."

"आणि इथे तो एसटीने येतो, सुया टोचून घेतो, बरा होत घरी जातो. त्याचा विचार नाही."

"नाही, बाई."

"म्हणजे हा आडवं पडण्याचा विमा आहे," बाई म्हणाल्या. "बरं होण्याचा नाही. ठीक. चहा घेणार?"

आता तुम्हाला वाटेल, तेवढ्यात सबनीसांची कंबर धरली, बाईंनी दोन सुया मारल्या आणि साहेबांचं मतपरिवर्तन झालं. मलाही तसं व्हायला आवडलं असतं. पण सबनीसांची प्रकृती ठणठणीत होती. त्यांनी चहा घेतला, बाईंच्या हातचा चहा फार वाईट असूनही पूर्ण घेतला, गणपतींना पुन्हा नमस्कार केला आणि जाऊन "नाही" लिहिलं.

ते गेल्यावर हिराजी पायरीवर बसला. बाई त्याच्याजवळ गेल्या. तो वर न बघता म्हणाला, "बाई, एक व्हय म्हटला असता तर काय झाला असता?"

"तुझं काम झालं असतं."

"मग?"

"मग पुढच्या वेळी मी कुणाला बरा झालास म्हणाले, तर तो खरं मानणार नाही. तूसुद्धा नाही."

हिराजीला हे पटलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही पटलं नाही. परतीच्या एसटीत आम्ही दोघेही बाईंवर रागावलेले होतो, आणि हिराजी खिडकीबाहेर बघत सारखा हात वर करून बघत होता.

सोमवारी त्याला कामावर बोलावलं. चाक फिरवून दाखवायचं. हिराजी कपाळाला गंध लावून आला. आणि गेटवर बघतो तर पोंक्षेबाई. मंगळवार नव्हता, बोलावलेलं नव्हतं. वॉचमन अडवत होता आणि बाई त्याला त्याच्या टाचदुखीबद्दल विचारत होत्या. कर्णिकसाहेबांनी आत घ्यायला सांगितलं.

चाकाखाली आम्ही उभे राहिलो. साहेब, प्लांटची दोन माणसं, मी आणि बाई. हिराजीने हात वर केला. गेला. डोक्याच्या वर गेला. चाक धरलं, ओढलं, पूर्ण फिरवलं. प्लांटच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कर्णिकसाहेबसुद्धा म्हणाले, "गुड. झालं तर मग."

बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या हाताकडे बघतच नव्हत्या, हिराजीच्या तोंडाकडे बघत होत्या.

"दुखतंय?"

"नाय."

"हिराजी."

"नाय बाई. आईशपथ नाय."

बाई साहेबांकडे वळल्या. "खोटं बोलतोय. याला आज घेऊ नका."

हिराजीचा हात अजून चाकावर होता. तो खाली घेताना त्याने दुसऱ्या हाताचा आधार घेतला, आणि तेव्हा आम्हा सगळ्यांनाच दिसलं.

"बाई, तुमी माझ्या बाजूच्या का सायबाच्या?" हिराजीचा आवाज फुटला. "तिकडं खरा बोलून विमा घालवलात, आता इकडं नोकरी घालवताव?"

"मी त्या खांद्याच्या बाजूची आहे," बाई म्हणाल्या. "वर आम्ल आहे ना रे? चाक अर्ध्यावर असताना हात सुटला तर खाली कोण असेल? तू, आणि तुझ्याबरोबर आणखी कुणीतरी. आज एकदा फिरवलंस. शिफ्टमध्ये किती वेळा फिरवायचं असतं?"

हिराजी चाकापासून एक पाऊल मागे सरकला.

कर्णिकसाहेबांनी चष्मा पुसला. "डॉक्टर, मला गंमत वाटते. तुमचा पेशंट म्हणतो मी फिट आहे. तुम्ही म्हणता नाही. आणि तुमचा उपचार तर विमा कंपनी मानतच नाही."

"मग विमा कंपनीला बोलवा चाक फिरवायला."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मान वर करून चाकाकडे बघितलं. "किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे. बहुधा."

"बहुधा?"

"छातीठोक सांगणारा डॉक्टर हवा असेल तर बाजारात पुष्कळ आहेत. मी बहुधावाली आहे."

मी कर्णिकसाहेबांच्या हाताखाली कित्येक वर्षं काढली. नियमाच्या बाहेर पाऊल टाकताना मी त्यांना एकदाच बघितलं, आणि ते या वेळी. "पेशंटच्या विरुद्ध बोलणारा डॉक्टर मी आजवर बघितला नव्हता," ते म्हणाले. "म्हात्रे, तीन आठवडे टाइम ऑफिसात बस. बाई सांगतील तेव्हा चाकाला हात लाव. विम्याचं काय ते मी वर सांगतो."

"वर काय सांगणार?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, असं सांगणार. कोण डॉक्टर हे कुणी विचारत नाही."

अशा रीतीने हिराजी माझ्या टेबलाशी आला, आणि तो काळ मी कसा काढला ते मलाच ठाऊक. डाव्या हाताने तो हजेरीच्या कार्डांचे गठ्ठे लावी ते उलटे लावी, आणि उजव्या हाताने खिडकीच्या चौकटीवर बोटं चढवत व्यायाम करी. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, हा पाल पकडतोय. पहिले काही दिवस तो बाईंचं नाव काढलं की तोंड फिरवी. सुया टोचून घ्यायला जाई, पण बोलत नसे. बाई म्हणत, "बोलू नकोस, हात वर कर." मग हळूहळू बोलायला लागला. घरची खाडीतली मासळी बाईंकडे जायला लागली. बाई शाकाहारी, त्यामुळे ती चिंगूआजींकडे जाई, आणि चिंगूआजींचं म्हणणं असं की बँडेजचा मोबदला अखेर मिळाला.

तीन आठवड्यांचे पाच झाले. बाईंनी स्वतः येऊन साहेबांना सांगितलं, "माझं चुकलं, आणखी थोडे दिवस." आणि एका मंगळवारी हमीदभाईंची खोली लवकर बंद करून धाटावला आल्या, हिराजीला चाक फिरवायला लावलं, पुन्हा लावलं, दमेपर्यंत लावलं. त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घ्या याला," आणि पॅसेंजर चुकेल म्हणून निघूनही गेल्या. टाळ्या वाजवायला कुणाला सुचलंच नाही.

त्यानंतर आमच्याकडे कुणी आजारपणानंतर कामावर यायला निघाला, की कर्णिकसाहेब मला विचारत, "पोंक्षेबाई काय म्हणतात?" ज्यांच्या अंगाला बाईंची सुई कधी लागली नाही अशा माणसांबद्दलही विचारत. विमा कंपनीने मात्र आमच्या वेळी त्यांचा उपचार कधीच मानला नाही. बंडूशेठ दर वर्षी म्हणे, "अजून नऊ खाटा आहेत बघा, बाई," आणि बाई त्याला ब्रश फेकून मारत.

मी त्यांना शेवटचं भेटलो ते पनवेलच्या हॉस्पिटलात. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बाईंचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं. मी आणि हिराजी भेटायला गेलो. मी चेष्टेने म्हणालो, "बाई, तुम्ही आणि ऑपरेशन? सुया कुठे गेल्या?"

"खडे सुईने निघत असते तर मी नदीतसुद्धा सुया टोचत बसले असते," बाई म्हणाल्या. मग जवळ बोलावून हळूच सांगितलं, "अरे, विमा पास झाला. मुलाने काढला होता. आडवी पडले आणि पास झाला." आणि अशा हसायला लागल्या की टाके पडायच्या आधीच पोट धरावं लागलं.

तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. ते बघताच पोंक्षेबाईंचं हसू थांबलं. तोंड भिंतीकडे झालं. डोळे घट्ट मिटले. ज्या बाईंनी निम्म्या पेणला टोचलं होतं, त्या लहान पोरीसारखं अंग चोरून घेत होत्या.

"मला नाही बघवत रे," त्या पुटपुटल्या. "पहिल्यापासूनच."

त्यांनी हवेत हात लांबवला आणि जे हाताला लागलं ते धरलं. तो हिराजीचा उजवा दंड होता. खांद्यालगत बोटं रुतवून त्यांनी तो असा ओढला, की हिराजी खाटेवर वाकला. सुई आत गेली, बाहेर आली, नर्सने कापूस लावला, तरी बाई सोडायला तयार नाहीत. डोळे मिटलेलेच. आणि तशाच अवस्थेत त्यांना आठवण झाली, की आपण कुणाचा आणि कुठला हात ओढतोय.

"दुखतंय का रे?" त्यांनी विचारलं.

"नाय," हिराजी म्हणाला.

बाईंनी डोळे उघडले नाहीत, म्हणून त्यांच्या जागी मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. नव्हतं दुखत.